वाटेवरचं शेण

गॅसच्या ज्योतीला निखारा नसतो. चूल फुंकणाऱ्या कुठल्याही बाईला विचारलं असतं, तर तिनं हातातलं काम न थांबवता हे सांगितलं असतं. पण घरातल्या बाईला विचारलं असतं तर ते आमचे आबा कसले! त्यांनी विचारलं ते जीपमधून आलेल्या साहेबाला. साहेब म्हणाला, पाच जनावरं असली की घराला सरपण लागत नाही. झालं, त्या दिवसापासून आमच्या घराला सरपण लागेनासं झालं.

त्र्याऐंशी साल असावं. कोळवणच्या खोऱ्यात तेव्हा गोबरगॅसची लाट आली होती. कुणाचं अनुदान मंजूर झालं, कुणाचा खड्डा खणून झाला, पारावर दुसरं बोलणं नाही. आमच्या गोठ्यामागंही खड्डा झाला आणि त्यावर लोखंडी टाकी पालथी बसली. शेणाचा काला खड्ड्यात ओतायचा, गॅस साठला की टाकी वर उचलली जायची. टाकी वर आली की आबांची मानही वर यायची. येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून ते टाकी दाखवायचे आणि वर म्हणायचे, "तुमी बसा लाकडं फोडत."

मी त्यांची थोरली, ठकू. नेऱ्याला दिलेली. पहिलटकरीण म्हणून उन्हाळ्यातच माहेरी आलेले. खोटं कशाला बोलू, उन्हाळाभर त्या गॅसच्या शेगडीनं माझ्या आईला सुख दिलं. धूर नाही, डोळ्यांना पाणी नाही, भांडी काळी नाहीत. आई भाकरी भाजताना चक्क गुणगुणायची. मीसुद्धा मनात म्हटलं, आबांनी आयुष्यात एक काम बरं केलं.

आमच्या घराला लागून रंभाबाईचं घर होतं. दोन्ही घरांच्या मध्ये एकच कूड, कारवीचा, शेणानं लिंपलेला. तिकडं कुणी खोकलं तरी इकडं ऐकू यायचं. रंभाबाईला नवरा नाही, मूलबाळ नाही, जमीन नाही. आमच्या जातीभावकीतली नव्हती, पण सगळी आळी तिला काकी म्हणायची आणि आम्ही पोरं आजी. सकाळी गुरं माळाला निघाली की ती पाटी घेऊन मागून चालायची, वाटेवर पडलेला शेणाचा पो उचलायची आणि घराच्या भिंतीवर गोवऱ्या थापायची. काही गोवऱ्या पौडच्या बाजारात विकायची, बाकीच्या पावसाळ्यासाठी पडवीत रचायची. गोठ्यातलं शेण ज्याचं त्याचं आणि वाटेवरचं शेण उचलेल त्याचं, हा गावचा रिवाज होता. तो मोडायचं कधी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

तिची चूल कधी विझायची नाही. निजताना ती गोवरीचा निखारा राखेत पुरायची आणि पहाटे उकरून फुंकायची. आळीतल्या बायका सकाळी गोवरीचा तुकडा घेऊन तिच्या दारात उभ्या. "काकी, इस्तू द्या वं." काडेपेटीची काडी वाचायची, रॉकेलचा बोळा वाचायचा. रंभाबाई सगळ्यांना विस्तव द्यायची आणि प्रत्येकीची एकेक खोडी काढायची. कुणी तिला म्हणालं, काकी, एवढा कशाला जपता विस्तव, तर म्हणायची, "मी मेल्यावर मडकं धरायला पोटचं कोन न्हाई. मडक्यात घालायला इस्तू तरी घरचा असू दे." आमच्याकडं प्रेतापुढं मुलगा विस्तवाचं मडकं धरून चालतो, ते मडकं. ती हे हसत हसत सांगायची, म्हणून आम्हीही हसायचो.

मग टाकीला शेण पुरेना. पुरणार कसं? साहेबाच्या हिशेबातली जनावरं दिवसभर गोठ्यात बसून शेण टाकत होती. आमची जनावरं दिवसभर माळावर, निम्मं शेण रानात आणि वाटेवर. टाकी अर्ध्यावरच थांबायला लागली तसे आबा कावरेबावरे झाले. लोकांना एवढं दाखवून ठेवलेलं, आता टाकी वर येत नाही म्हणून कुणाला सांगायचं?

एका सकाळी त्यांनी रंभाबाईला वाटेतच गाठलं. मी दारात तांदूळ निवडत होते.

"काकी, आजपून माज्या गुरांच्या श्यानाला हात लावायचा न्हाई."

"वाटंवरचं हाय, कोंडाजी."

"गुरं कुनाची? माजी. मग श्यान कुनाचं?"

"आन वाट कुनाची?" रंभाबाई म्हणाली.

पारावरची माणसं हसली. ती हसली नसती तर पुढचं घडलं नसतं, असं मला आजही वाटतं. आबांच्या कानशिलापर्यंत लाली चढली. त्यांनी तिच्या हातातली भरलेली पाटी ओढली आणि तिथंच पालथी केली. "पुन्यांदा ह्या वाटंवर पाटी दिसली तर वढ्यात फेकून दीन," म्हणाले, चार माणसांसमोर, म्हाताऱ्या बाईला. रंभाबाईनं पाटी उचलली, झटकली आणि "बरं" म्हणून घरात गेली. एका शब्दाला दहा शब्द परतवणारी बाई नुसतं "बरं" म्हणाली, म्हणून आई घाबरली.

"त्या म्हातारीनं पावसाळ्यात काय जाळायचं?" आईनं जेवताना विचारलं.

"तिनंबी गॅस बसवावा," आबा म्हणाले आणि एकटेच हसले.

आमच्या घरचं बघून आळीतल्या आणखी दोघांनी वाटेवरचं शेण राखायला सुरुवात केली. रंभाबाई आता पाटी घेऊन लांबच्या माळावर जायची. दुपारी परतायची तेव्हा पाटीत कधी तळ झाकेल एवढंच असायचं. तिच्या भिंतीवर दर उन्हाळ्यात बोट ठेवायला जागा नसायची. त्या वर्षी भिंतीची माती दिसत होती.

आगोटीच्या आधी आबांनी दुसरा पराक्रम केला. मुळशीचा पाऊस चार महिने ऊन दिसू देत नाही. म्हणून शिमग्यापासून लाकडं आणायची, फोडायची, वाळवायची आणि पडवीत छपरापर्यंत रचायची, ही आमची बेगमी. ती सगळी लाकडं आबांनी बैलगाडीत भरली आणि पौडला बाबालालच्या वखारीत नेऊन विकली. वर घरी येऊन फुशारकीनं सांगितलं, "बाबालाल म्हनतोय, पावसाच्या तोंडावर लाकडं इकनारा तू पयलाच बघतोय गड्या. निम्मी तरी घरी ठेव. म्हनलं, बाबालालभाई, आता आमच्यात लाकडं जाळत न्हाईत."

आई मोकळ्या पडवीत उभी होती. "घरात बाळंतपन हाय," ती म्हणाली.

"गॅस हाय की."

"आन बाळंतिणीच्या बाजंखालच्या शेगडीत काय घालू? गॅस?"

आबा चिडले. चिडून ते टाकी बघायला गेले.

आषाढ लागला. आमच्या खोऱ्यात आषाढात कुठंही हातभर खणा, पाणी लागतं. ते पाणी खड्ड्यात झिरपलं, शेणाचा काला पातळ आणि गार झाला. टाकी खाली बसली ती उठेना. गॅसला दाब यावा म्हणून आबांनी तिच्यावर दगड ठेवून पाहिले. शेगडीवर ज्योत जरा फरफरली, पिवळी झाली आणि विझली. पाठीवर इरलं घेऊन ते भर पावसात दोन्ही हातांनी टाकी गरगरा फिरवायचे, म्हणजे काल्यावरची साय मोडते म्हणे. रेशनचं रॉकेल कंदिलाला जेमतेम पुरायचं, त्यात स्टो पेटवून आई कसाबसा भात उकडायची.

अशात मी आठव्या महिन्यातच बाळंत झाले. मुलगी झाली. एवढीशी, की आईच्या दोन तळव्यांत मावली. रडलीसुद्धा नाही, नुसता मांजरीच्या पिलागत आवाज केला. सुईण गोजराबाईनं तिला पुसलं, कापसात गुंडाळलं आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं, पण मला ऐकू आलंच.

"चंद्राबाई, पोर कच्ची हाय. उबंवर जगंल. बाजंखालची शेगडी इझू द्यायची न्हाई, दिसा न्हाई का रातची न्हाई. शेगडी इझली तर पोर गेली म्हनून समज."

पौडला दवाखाना होता. पण ओढ्याला पूर, एसटी बंद, आणि त्या पावसात एवढंसं पोर घराबाहेर काढायचं कुणी?

शेगडीत निखारा हवा. गॅसचा निखारा नसतो, रॉकेलचा नसतो. आईनं आधी कोंबड्यांचं खुराडं फोडून जाळलं. मग जुना पाट, मग मोडका पाळणा. मी ज्या पाळण्यात वाढले तो माझ्या डोळ्यांदेखत शेगडीत गेला. आळीत मागायला जावं, तर आषाढात कोरडं सरपण कुणी कुणाला देत नाही. मागितलं तर पायलीभर तांदूळ देतील, पण कोरडं लाकूड नाही, कारण ज्याच्या त्याच्या घरात मोजकंच असतं. त्यातून आबांनी उन्हाळाभर सगळ्यांची टिंगल केलेली.

तिन्हीसांजेला शेगडीवर राखेची साय धरली. मी हात खाली नेऊन बघितला, ऊब होती पण जाणारी. पोरीचे पाय गार लागायला लागले. आई दारात आली. आबा उंबऱ्यावर गुडघ्यांत मान घालून बसले होते.

"रंभाकाकीकडं जाऊन या," आई म्हणाली.

"मी? तिच्या दारात?"

"गवऱ्या तिच्याच घरात आसतील कोरड्या. जावा."

आबा उठले नाहीत. मी बाजेवरून त्यांची पाठ बघत होते. मला माझ्या बापाचा आयुष्यात इतका राग कधी आला नाही. स्वतःची नात गार पडत चालली होती आणि हा माणूस उंबऱ्याला चिकटून बसला होता. शेवटी आईनंच घमेलं उचललं.

कुडातून मला सगळं ऐकू आलं.

"काकी, इस्तू हवा व्हता."

"दिवं लागलं, चंदरे."

"ठावं हाय."

"तिनीसांजंला घरातला इस्तू देत न्हाईत. लक्षुमी जाती."

"ठावं हाय, काकी. पोर गार पडलीया."

मी पोरीला छातीशी धरून देवाचं नाव घेत होते आणि कान कुडाला लावून होते. मग राख उकरल्याचा आवाज आला.

"माज्या घरात हाय कुटं लक्षुमी, जायाला?" रंभाबाई म्हणाली. "धर घमेलं."

नुसता विस्तव नाही दिला तिनं. लालभडक झालेल्या गोवऱ्या दिल्या, वरून राख झाकून, म्हणजे पहाटेपर्यंत टिकाव्यात. शेगडी भरली. पोरीचे पाय हळूहळू कोमट झाले तशी मी ढसाढसा रडले.

त्यानंतर रंभाबाई स्वतःच यायला लागली. सकाळी आणि दिवेलागणीला, पाठीवर इरलं, इरल्याखाली घमेलं. उंबऱ्यावर आबा असले तर ते तोंड फिरवायचे आणि ती त्यांच्या अंगावरून वाऱ्यासारखी आत यायची. शेगडी भरायची, हात शेकून पोरीच्या पोटावर ठेवायची. आमच्या घरात बाळंतपणाचं सुवेर, म्हणून ती आमच्याकडं पाणीसुद्धा प्यायची नाही. "दूध वडतीया का?" एवढंच विचारायची. पाचवीच्या पूजेच्या दिवशी पोरीनं पहिल्यांदा भोकाड पसरलं. रंभाबाई म्हणाली, "आजावानी घसा हाय." आबा बाहेरून ऐकत होते. मला वाटलं, आता तरी आत येतील आणि काही बोलतील. ते गोठ्यात गेले.

मग एका सकाळी ती आली नाही.

आम्ही वाट बघितली. शेगडीत कालचे निखारे होते, पण कमी. आबा म्हणाले, "रुसली आसंल म्हातारी." आई बघायला गेली आणि परत आली ती भिंतीला टेकली.

"तिची चूल गार हाय," आई म्हणाली.

"कुनाची?"

"काकीची. राखसुद्दीक गार हाय. पडवीत एक गवरी न्हाई. कालच्याला शेवटच्या आपल्याला दिल्या तिनं. पानी घालून पीठ खाल्लंय दोन दिस. गोधडीत पडलीया, अंग तव्यावानी तापलंय."

रोज कुडापलीकडून खोकला ऐकू येत होता. मी समजत होते, पावसाचा खोकला आहे.

आबा उठले. गोठ्यात गेले आणि दणादण आवाज यायला लागले. गव्हाण फोडत होते. ऐनाच्या लाकडाची, माझ्या आजोबांनी केलेली गव्हाण, वर्षानुवर्षं छपराखाली वाळलेली. बैल बाजूला उभे राहून बघत होते. फळ्या आणून त्यांनी आमच्या चुलीत घातल्या, शेगडीतल्या निखाऱ्यावर पेटवल्या, आधी पोरीची शेगडी भरली. मग उरलेला विस्तव घमेल्यात घेतला, काखेत दोन फळ्या घेतल्या, डोक्यावर इरलं ओढलं आणि बाहेर पडले.

आमच्याकडं पुरुषमाणूस विस्तव मागायलाही जात नाही आणि द्यायलाही जात नाही. ते बायकांचं काम. कोंडाजी घमेलं घेऊन रंभाबाईच्या दारात उभा आहे म्हटल्यावर सगळी आळी पावसात उंबऱ्यांवर आली. समोरची धोंडाबाई ओरडली, "काकी, सुवेराच्या घरचा इस्तू चुलीत घिऊ नका. आजून बारा दिस झालं न्हाईत!"

पलीकडून आधी खोकला आला, मग शब्द आले. "इस्तू माजाच हाय. माज्या चुलीतला गेल्ता, माज्या चुलीत आला. त्याला कसलं सुवेर?"

आबांनी तिची चूल पेटवली. मला फळ्या रचल्याचा, फुंकल्याचा आवाज येत होता. चूल फुंकायची सवय नाही, त्यामुळं स्वतःच खोकत होते. मग रंभाबाई म्हणाली, "पेटली. आता बोल, कोंडाजी."

"काय बोलू?"

"वाटंवर जे बोलला व्हतास ते वाटंवरच उलटं बोल. तवा चार मानसं व्हती. आता तर आक्की आळी हाय."

मी कुडाला कान लावून बसले होते. बोला आबा, मी म्हणत होते, दोन शब्द तर आहेत. पण आबा रिकामं घमेलं घेऊन सरळ घरी आले.

ओढ्याचं पाणी उतरल्यावर ते पौडला गेले आणि बाबालालकडूनच गाडीभर लाकडं विकत आणली, विकली त्याच्यापेक्षा चढ्या भावानं. निम्मी रंभाबाईच्या पडवीत रचून दिली, पण मुकाट्यानं. बाबालालनं तिच्यासाठी म्हणून गवती चहा आणि सुंठ पाठवली होती, तीही देताना आबांनी फक्त पुडी पुढं केली. माझी पोर आता दूध ओढत होती, अंग धरत होती. रंभाबाईचा ताप गेला. खोकला राहिला.

श्रावणात पाऊस जरा उघडला तसा आबांनी एक नवाच उद्योग सुरू केला. गुरं माळाला न्यायची सरळ वाट सोडून ते रंभाबाईच्या दारावरून न्यायला लागले. तिच्या उंबऱ्यासमोर आले की बैल उभे करायचे. वहाणेचा अंगठा नीट करायचा, पागोटं सोडून परत बांधायचं, असं करत बैलांनी शेण टाकेपर्यंत थांबायचं. मग "हिर्र्र" करून पुढं निघायचं. पो तिच्या दारात. आळी पदराआड हसायची, आणि पहिल्यांदा मलाही हसू आलं.

रंभाबाई उंबऱ्यावर बसून बघायची. पो बघायची, आबांची पाठ बघायची आणि जागची हलायची नाही. शेण तिथंच पडून राहायचं, सरीनं वाहून जायचं.

सुवेर फिटल्यावर मी पोरीला घेऊन तिच्याकडं गेले. "आजी, उचला की," मी म्हटलं. "आबा मुद्दाम टाकायला लावतात."

"मला काय कळत न्हाई व्हय? बैल लई शानं हायेत त्याचं." तिनं पोरीचा पाय हातात घेतला, गरम आहे का बघितला. "पर माजी पाटी बैलांनी न्हवती पालथी केली."

मी घरी येऊन आबांना म्हटलं, "एक शब्द बोला तिच्याशी."

"बोलंन की. पळून चाललीय का म्हातारी? लावणी उरकू दे."

लावणी उरकली. मग पोळा होऊ दे म्हणाले. मग दसरा. दरम्यान बैल रोज तिच्या दारात उभे राहत होते आणि आबांना वाटत होतं आपण रोज काहीतरी फेडतो आहोत. पावसाळा संपला, टाकीही पुन्हा उचलायला लागली. आईनं मात्र चूल मोडली नाही. एका बाजूला गॅस, एका बाजूला चूल, आणि चुलीतला निखारा राखेत पुरायला ती शिकली. कुणाकडून ते सांगायला नको.

रंभाबाईच्या बरगड्या आता खोकताना लुगड्यावरून दिसायच्या. ती बाजाराला जाईनाशी झाली. तरी सकाळी बायका विस्तवाला आल्या की ती द्यायची आणि अजूनही एकेकीची खोडी काढायची.

दिवाळीच्या आधी सासरची माणसं मला नेऱ्याला न्यायला येणार होती. त्याच आठवड्यात एका सकाळी बायका गोवरीचे तुकडे घेऊन तिच्या दारात उभ्या राहिल्या आणि दार उघडलं नाही. आईनं आणि धोंडाबाईनं दार लोटलं. रंभाबाई कुडाकडं तोंड करून निजली होती, आमच्याच बाजूला. अंग गार होतं. चुलीत राखेखाली निखारा होता.

तिरडी बांधली. मग सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मडकं धरणार कोण? तिच्या भावकीतलं जवळपास कुणी नाही, निरोप जाऊन माणूस येईपर्यंत दिवस मावळणार. म्हातारी माणसं कुजबुजत होती. आबा गर्दीतून पुढं आले, डोक्यावरचं पागोटं काढून आईच्या हातात दिलं आणि म्हणाले, "मी धरतो."

कुणीतरी म्हणालं, "आरं, तू तिचा कोन?" आबा तिच्या चुलीपुढं उकिडवे बसले. राख बोटांनी उकरली, निखारा मडक्यात घेतला, वर गोवरीचा तुकडा ठेवून फुंकला. तेवढ्या महिन्यांत फुंकायला शिकले होते.

आबा पुढं आणि तिरडी मागं अशी मंडळी निघाली. आम्ही बायका दारात. वाटेत, बरोबर जिथं त्यांनी पाटी पालथी केली होती तिथं, सकाळचा पो पडला होता. आमच्याच बैलांचा, ताजा. आबा तिथं थांबले. मागचे खांदेकरी थांबले, कुणाला कळेना काय झालं. मडक्याचा धूर त्यांच्या तोंडावर येत होता. ते मागं वळले, तिरडीकडं तोंड केलं आणि आळीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असं ओरडून म्हणाले,

"काकी, वाटंवरचं श्यान तुजंच हाय. मी आडवलं ते चुकलं माजं. तू उचल. कुनी तुला आडवायचं न्हाई."

आबा तसेच उभे, तिरडीकडं बघत, जणू ती "बरं" म्हणेल म्हणून. मग खांद्याला रग लागलेला एक जण हळूच म्हणाला, "कोंडाजी, चला," आणि ते वळले.

माझी पोर माझ्या खांद्यावर झोपली होती, गरम, जड. मला वाटलं, वाटेत धावत जावं आणि बापाच्या छातीवर मुठी आपटाव्यात. तीच वाट होती, तेच शब्द, एवढाच वेळ लागला असता. उन्हाळ्यात बोलला असतात, पावसाळ्यात बोलला असतात, काल बोलला असतात तरी चाललं असतं. पण मी तिथंच उभी राहून रडायला लागले.

आई पागोटं हातात धरून मंडळी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. मग पदरानं डोळे पुसले.

"आता म्हनाले," ती म्हणाली.